सुनेला रडवणारा बटाटा

आषाढी एकादशीचा दिवस. सकाळपासून घरात उपवासाचीच गडबड. गॅसवर साबुदाण्याची उसळ, बाजूला भगर, एका गंजात रताळी उकडत ठेवलेली, शिवाय शेंगदाण्याची आमटी आणि बटाट्याचा कीस. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' असं उगाच नाही म्हणत!

लेक तेव्हा दहावीत होती. ओट्याजवळच भूगोलाचं पुस्तक उघडून बसली होती. दहावीच्या भूगोलात ब्राझील देश आहे. नकाशात बोट फिरवता फिरवता ती एकदम म्हणाली, "आई, हे बघ, ब्राझीलच्या शेजारी पेरू नावाचा देश आहे. आपल्या जांबावरून याचं नाव पडलं का गं?"

आपण वऱ्हाडातली माणसं. घरी जांब म्हणतो, पुस्तकात पेरू लिहितो. मला हसू आलं, पण उत्तर काही देता आलं नाही. बी.ए.ला इतिहास घेतला होता मी. शिवाजी महाराज झाले, फ्रेंच राज्यक्रांती झाली, पण पेरू? जांबाला तिखट-मीठ लावून खाण्यापलीकडे माझा पेरूशी संबंध आला नव्हता. "बघून सांगते," म्हणाले आणि उसळ हलवायला वळले.

पण मैत्रिणींनो, मुलांचा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की तो काही स्वस्थ बसू देत नाही. वाचनालयातून पुस्तकं आणली, ओळखीच्या भूगोलाच्या सरांना विचारलं, लेकीकडून मोबाईलवर शोधून घेतलं. आणि जे कळलं ते आज तुम्हाला सांगावंसं वाटतंय. कारण तो देश नकाशात सातासमुद्रापार असला तरी दर एकादशीला तुमच्या-माझ्या ताटात वाढलेला असतो.

आधी लेकीच्या प्रश्नाचं उत्तर. आपल्या फळाचं नाव पोर्तुगिजांच्या 'पेरा' या शब्दावरून आलं, असं जाणकार सांगतात. पेरा म्हणजे नासपती. आणि देशाचं नाव पडलं 'बिरू' या तिकडच्या जुन्या नावावरून. म्हणजे नावापुरतं दोघांचं नातं नाही. पण गंमत अशी, की जांबाचं झाड मूळचं अमेरिका खंडातलंच, आणि पेरू देशात ते हजारो वर्षांपासून आहे. नाव वेगळं, माहेर एकच!

हा देश आपल्या महाराष्ट्राच्या चौपट मोठा. त्याचे सरळ तीन पट्टे पडतात. पश्चिमेला पॅसिफिक समुद्र आणि त्याला लागून लांबच लांब वाळवंट. राजधानी लिमा याच वाळवंटी किनाऱ्यावर आहे. एवढं मोठं शहर, पण तिथे पाऊस म्हणजे वर्षभरात जेमतेम भुरभुर. मधे अँडीज पर्वताची रांग. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर उंच. तिकडचं टिटिकाका नावाचं तळंच मुळी ३,८१२ मीटर उंचीवर आहे, आणि त्याच्याकाठी माणसं सुखाने शेती करतात. पर्वत ओलांडला की पूर्वेला अॅमेझॉनचं घनदाट जंगल. देशाचा निम्म्याहून जास्त भाग जंगलच.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या नेरला याचं काय? तर ऐका. दर उन्हाळ्यात पेपरात 'एल निनो'ची बातमी येते आणि घरातल्या माणसांच्या कपाळावर आठ्या पडतात. हा एल निनो पेरूचाच! तिथल्या कोळ्यांच्या लक्षात आलं, की काही वर्षांनी नाताळच्या सुमारास समुद्राचं पाणी एकदम कोमट होतं आणि मासे मिळेनासे होतात. नाताळात येतो म्हणून त्यांनी त्याला नाव दिलं 'एल निनो', म्हणजे बाळ येशू. हे पाणी तापलं की तिकडच्या वाळवंटात पूर येतात आणि इकडे आपला मान्सून बरेचदा रुसतो. दरवेळी रुसतोच असं नाही, पण २००९, २०१५ आणि २०२३ ही वर्षं आठवा. २०२३चा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. धुऱ्यावर उभं राहून ज्या ढगाची वाट आपण पाहतो, त्याचा एक दोर पेरूच्या समुद्रात बांधलेला असतो. हे वाचून मी तर थक्कच झाले.

या देशात पूर्वी इंका राजांचं राज्य होतं. कुस्को ही त्यांची राजधानी. त्यांच्याकडे लोखंड नव्हतं, गाड्यांना चाकं नव्हती, घोडे नव्हते, लिहायला लिपीसुद्धा नव्हती. तरीही त्यांनी डोंगर कोरून पायऱ्यापायऱ्यांची शेतं केली, हजारो किलोमीटरचे रस्ते बांधले. हिशेब ठेवायचे ते दोऱ्यांना गाठी मारून. कोठारात किती धान्य, गावात किती माणसं, सगळं दोऱ्यांवर! धोब्याच्या कपड्यांचा हिशेब आपण कॅलेंडरवर लिहितो, तरी तो चुकतो. माचू पिचू हे डोंगरावरचं सुंदर गाव त्यांनीच वसवलं. १९११ मध्ये एका अमेरिकन माणसाने ते 'शोधलं' म्हणतात. खरं तर तो पोचला तेव्हा तिथे शेतकरी कुटुंबं राहत होती, शेती करत होती. त्यांना ते हरवलेलं नव्हतंच.

१५३२ साली स्पेनचा पिझारो अवघी १६८ माणसं घेऊन आला. त्याने इंका राजाला, अताहुआल्पाला, कपटाने पकडलं. सुटकेसाठी राजाने एक खोली भरून सोनं दिलं. सोनं घेतलं आणि दुसऱ्या वर्षी राजाला मारूनही टाकलं. परक्यांबरोबर आलेल्या देवीच्या साथीने तर गावंच्या गावं ओस पडली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षं स्पेनचं राज्य होतं. १८२१च्या २८ जुलैला स्वातंत्र्य जाहीर झालं.

या तीनशे वर्षांत एक बाई होऊन गेली, तिचं नाव मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. मिकाएला बास्तिदास. १७८० मध्ये तिच्या नवऱ्याने, तुपाक अमारूने, स्पेनविरुद्ध उठाव केला. तो लढायचा आणि मागचं सगळं ती सांभाळायची. धान्य गोळा करणं, माणसं पाठवणं, निरोप धाडणं, पहारे बसवणं. कुस्कोवर लवकर चाल करा, उशीर करू नका, असं ती नवऱ्याला परोपरीने सांगत होती. त्याने उशीर केला. १८ मे १७८१ रोजी कुस्कोच्या चौकात दोघांनाही क्रूरपणे मारण्यात आलं. आपल्या झाशीच्या राणीच्या आधी ७७ वर्षं!

तरीही तिथल्या बायकांना मत द्यायचा हक्क मिळाला थेट १९५५ मध्ये, आणि तोसुद्धा फक्त लिहितावाचता येणाऱ्यांना. डोंगरातल्या क्वेचुआ भाषा बोलणाऱ्या गरीब बायका शाळेत गेल्याच नव्हत्या. त्यांना आणि त्यांच्यासारख्या निरक्षर पुरुषांना मत देता आलं १९८० मध्ये. आपल्याकडे पहिल्याच निवडणुकीत अंगठा उठवणाऱ्या आजीचं आणि शिकलेल्या वकिलाचं मत सारखंच मोजलं गेलं. आपल्याला आयतं मिळालं म्हणून त्याचं मोल कळत नाही, खरं ना?

बरं, आता ताटाकडे वळू या. भगर सोडली तर माझ्या त्या एकादशीच्या ताटात मूळचं इकडचं असं फारसं काही नव्हतंच! साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदापासून. आपल्याकडे तो तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो, पण कंद मूळचा अॅमेझॉनच्या भागातला. शेंगदाणा पेरूच्या शेजारच्या बोलिव्हियाकडचा. रताळं, मिरची, दोन्ही अमेरिका खंडातली. राजगिऱ्याची सख्खी बहीण अँडीजमध्ये 'किविचा' म्हणून पिकते. आणि बटाटा तर खास टिटिकाका तळ्याच्या परिसरातला. तिथल्या माणसांनी सात-आठ हजार वर्षांपूर्वी रानातला कडू, विषारी कंद वर्षानुवर्षं निवडत निवडत खाण्याजोगा केला. मग स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पोर्तुगिजांनी, पुढे इंग्रजांनी इकडे आणला. शेंगदाण्याचं तर काय सांगू! १९८७ मध्ये पेरूत सिपान इथे एका जुन्या राजाची कबर सापडली, सुमारे सतराशे वर्षांपूर्वीची. राजाच्या गळ्यात माळ होती शेंगांच्या आकाराच्या मण्यांची. एका बाजूला सोन्याच्या शेंगा, दुसऱ्या बाजूला चांदीच्या.

शेजारच्या काकूंना हे सांगितलं तर त्या घाबरल्याच. "म्हणजे इतकी वर्षं माझे उपवास मोडले का?" मी म्हटलं, "नाही हो काकू. परक्या घरची पोर सून म्हणून येते आणि दहा वर्षांत तिच्याशिवाय घराचं पान हलत नाही. तसंच हे!"

सुनेचं बोलले ते मुद्दामच. अँडीजमध्ये बटाट्याचे हजारो वाण आहेत. पिवळे, जांभळे, लाल, काळपट, लांबट, गोल. त्यात एक वाण आहे गाठीगाठीचा, खाचाखोचांचा. क्वेचुआ भाषेत त्याला म्हणतात 'काचुन वाकाची', म्हणजे सुनेला रडवणारा! नव्या सुनेच्या हातात हा बटाटा द्यायचा आणि सालं काढायला सांगायचं. साल पातळ निघाली, गर वाया गेला नाही, तर पोर कामाची. नाही तर... असं सांगतात बाई तिकडे. वाचून मी किती तरी वेळ हसत होते. सातासमुद्रापलीकडेही सासू ती सासूच!

तिकडचं वाळवणही आपल्यासारखंच. आपण उन्हाळ्यात गच्चीवर कुरड्या, पापड, बटाट्याचा कीस वाळवतो. त्या बायका कडाक्याच्या थंडीत बटाटे रात्री उघड्यावर पसरतात. गोठले की दिवसा पायाने तुडवून त्यातलं पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. त्याला 'चुन्यो' म्हणतात. तो वर्षानुवर्षं टिकतो. शेतीची कामं एकमेकांकडे सावडीने करतात. पेय प्यायच्या आधी दोन थेंब जमिनीवर सांडतात, पाचामामासाठी. पाचामामा म्हणजे धरणीमाय. आपली काळी आई.

पण मैत्रिणींनो, त्या बायकांचं सगळ्यात मोठं काम वेगळंच आहे. कुस्कोजवळ पिसाक नावाचं गाव आहे. तिथल्या क्वेचुआ गावांनी मिळून 'बटाट्याचं उद्यान' केलंय. त्यात हजाराहून जास्त प्रकारचे बटाटे राखलेत. लिमाला १९७१ पासून आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे, तिथेही चार हजारांवर वाण जपलेत. एकाच शेतात ही माणसं कितीतरी वाण मिसळून लावतात. कारण विचारलं तर उत्तर साधं असतं. थंडीने एक गेला तर दुसरा राहील, किडीने दुसरा गेला तर तिसरा राहील. बी निवडायचं, राखायचं, हे काम बहुतेक बायकांच्या हातात. आता तिकडेही हवा तापते आहे, बटाटा पूर्वीपेक्षा वर वर डोंगरावर न्यावा लागतोय. अशा वेळी कुठला वाण कामी येईल हे आधी कोणाला ठाऊक? म्हणून सगळेच राखायचे.

हे ज्यांनी केलं नाही त्यांचं काय झालं, तेही वाचलं. आयर्लंडमध्ये गरिबांनी पोटासाठी बहुतेक एकाच वाणाचा बटाटा धरला होता. १८४५ मध्ये करपा आला आणि शेतंच्या शेतं काळी पडली. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि रोगाने गेली, तेवढीच देश सोडून गेली.

ते पान वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. पुढे वाचवेना. कारण मला आमच्या सासूबाई आठवल्या.

माझं लग्न होऊन मी नेरला आले तेव्हा घर मातीचं होतं. माजघरात कोपऱ्यात ओळीने गाडगी. कशात बरबटी, कशात अंबाडी, वाल, तूर, गावरान वांगी, दोडके, काकडी. सगळं बी राखेत घोळलेलं, वर कडुलिंबाचा पाला, तोंडाला फडकं बांधलेलं. दरवर्षी पऱ्हाटीत आणि ज्वारीत त्या दोन-दोन ओळी याच्या त्याच्या टाकायच्याच. मला ती गाडगी म्हणजे अडगळ वाटायची. पुढे स्लॅबचं घर बांधलं. सामान हलवताना मी ती गाडगी उकिरड्यावर नेऊन टाकली. सासूबाई बाहेरगावी होत्या. आल्यावर कोपरा बघितला आणि एवढंच म्हणाल्या, "फेकून देल्लं काय वं सारं? जाऊ दे मंग." ना रागावल्या, ना रडल्या. त्या दिवशी जेवल्या मात्र नाहीत.

शेतात नुसती पऱ्हाटी आणि सोयाबीन उरलं. बियाणं दरवर्षी दुकानातून. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळी आली. यवतमाळ जिल्ह्याने त्या वर्षी काय काय सोसलं ते तुम्हाला मी सांगायला नको. फवारणीच्या विषबाधेने माणसंही गेली. आमचीही बोंडं फोडली की आत अळी. धुऱ्यावर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "बियाणं इकत घेतलं तं दुकानदार मालक, घरी ठेवलं तं आपन मालक." मी मान खाली घातली. दोन वर्षांनी त्या गेल्या. "आई, माझं चुकलं," हे शब्द माझ्या तोंडून त्यांच्यासमोर कधीच निघाले नाहीत.

पेरूच्या बायका सुनेला बटाटा देऊन रडवतात. मला माझ्या सासूने काहीही न देता रडवलं. कारण द्यायला होतं ते मीच फेकलं होतं.

पण नुसतं रडून काय होणार? आपल्याच राज्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आहेत. शाळेत न गेलेल्या या बाईने घरात गावरान बियाण्यांची बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. 'बीजमाता' म्हणतात त्यांना. त्यांचं काम वाचलं आणि मनाशी ठरवलं, आपणही सुरुवात करायची.

गेल्या संक्रांतीला आमच्या बचत गटाच्या हळदीकुंकवाचा विषय निघाला. प्लॅस्टिकचे डबे लुटायचे की चहाच्या गाळण्या, यावर चर्चा. मी म्हटलं, "यंदा वाण म्हणून वाणच लुटू या. ज्या घरी जे गावरान बी असेल ते मूठभर आणायचं." बायका आधी हसल्या. मग मी दुसरी गोष्ट सांगितली. "आणि ज्यांचे मालक गेले, त्या बहिणींनाही बोलवायचं." त्यावर मात्र शांतता. एक-दोघी म्हणाल्या, रीत नाही. एक म्हणाली, लोक काय म्हणतील. दोन बैठका वाद चालला. एक वहिनी तर रागावून आल्याच नाहीत.

त्या दिवशी आल्या सव्वीस जणी. बहुतेकींच्या पुडीत काय, तर बाजारातून आणलेले मेथी-धणे! आमच्या घरांत बीच उरलेलं नव्हतं. सगळ्यात शेवटी एक बाई दारात आली. जवळच्या खेड्यातली. कर्जापायी नवऱ्याने जीव दिला त्याला सात वर्षं झाली. तिने पदराखालून कापडी पिशवी काढली. त्यात नऊ पुरचुंड्या. बरबटी, अंबाडी, वाल, लाल तूर, दोडके... म्हणाली, "मालक गेल्यावर बियाण्याले पैसे नव्हते, म्हणून माह्या मायनं देल्लेलं जपत आली. कोनी इचारलंच नाही आजवर."

जिला आम्ही हळदीकुंकवाला बोलावत नव्हतो, तिच्याच घरी सगळ्यांचं वाण होतं.

मी तिला पाटावर बसवलं. ओटी कशाने भरावी कळेना, तर तिच्याच बरबटीने भरली. जूनमध्ये आम्ही अकरा जणींनी ते बी लावलं, कोणी शेतात, कोणी परसात, कोणी गच्चीवरच्या डब्यात. सगळ्यांचं साधलं नाही. वाल गेले, दोडक्यावर रोग पडला. पण बरबटी आणि अंबाडी भरभरून आली. त्यातलं बी वाळवून, राखेत घोळून मी नवं गाडगं भरलं. फडकं बांधलं ते सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचं.

एकादशीला ताटात बटाटा आला की आता मला डोंगरातली ती अनोळखी बाई दिसते. हजारो वर्षांपूर्वी तिने एक कडू कंद टाकून न देता पुन्हा मातीत लावला, म्हणून आज माझी लेक जेवते. तुमच्याही घरात अशी एखादी पुरचुंडी असेल. सासूच्या, आईच्या ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे, माळ्यावर. स्लॅब टाकायच्या आधी एकदा शोधा. आणि घरात म्हातारी माणसं असतील तर आजच विचारून ठेवा. नंतर विचारायला कोणी नसतं.